गाडी तापते? काटा केव्हा चढतो ते बघा, दुखणं सापडेल

मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, त्यात ईद गावी करायची ठरली की मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, पुण्याकडून गाड्या कोकणाच्या रस्त्याला लागतात. सात सीटच्या गाडीत नऊ माणसं, वर कॅरिअरवर सामान, आत एसी चालू आणि पुढे घाट. कुंभार्ली, आंबा, वरंध, कसारा, कुठल्याही चढावर या दिवसांत दोन-चार गाड्या बोनेट उघडून उभ्या दिसतातच. बाजूला बायका-मुलं उन्हात, आणि कुणीतरी हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघालेला. हे झाकण त्या क्षणी उघडलं तर काय होतं ते पुढे सांगतोच.

गाडी तापणं हे लक्षण आहे. माणसाला ताप आला की डॉक्टर आधी विचारतात, केव्हा चढतो, केव्हा उतरतो, थंडी वाजते का. गाडीचंही तसंच. 'गाडी तापते' एवढंच सांगून गॅरेजमध्ये गेलात तर मेस्त्री अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसेल आणि बिल वाढत जाईल. 'सिग्नलला उभी राहिली की तापते, चालू लागली की काटा खाली येतो' असं सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच झालं. ही माहिती घरच्या घरी, फारशी हत्यारं नसताना कशी मिळवायची आणि त्यातलं काय स्वतः दुरुस्त करता येतं, ते आम्ही इथे देत आहोत.

आत काय चालतं

इंधन जळून जी शक्ती मिळते तिचा मोठा हिस्सा उष्णता होऊन वाया जातो. ती बाहेर काढायला इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतून पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण सतत फिरत असतं. फिरवतो तो वॉटर पंप, ज्याला मेस्त्री लोक 'वॉटर बॉडी' म्हणतात. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅटची झडप बंद असते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून इंजिन लवकर गरम होतं. या झडपेत मेणाची गोळी असते. साधारण ८२ ते ८८ अंशांवर ते मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे जातं. गाडी पळत असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. गाडी उभी असेल तर वारा नाही, तेव्हा ते काम पंख्याचं.

राहिलं झाकण. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर १०७-१०८ अंशांना. पण झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळण्याचा बिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. प्रेशर कुकरचंच तत्त्व. म्हणून इंजिन १०० अंशांवर चाललं तरी आत उकळी फुटत नाही. झाकणाचा रबर तडकला किंवा स्प्रिंग ढिली झाली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि रिझर्व्ह बाटलीतून बाहेर सांडतं. लोक मग रेडिएटर बदलतात, आणि दुखणं काहीशे रुपयांच्या झाकणात असतं.

रस्त्यात काटा चढला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला, पण वाफ नाही, लाल दिवा नाही, तर पहिल्यांदा एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने लावा, काचा खाली घ्या. मे महिन्यात हीटर लावायचा म्हणजे घरचे वेड्यात काढतील, पण हीटर हा इंजिनाच्या पाण्यावरच चालणारा छोटा रेडिएटर आहे. तो इंजिनाची बरीच उष्णता गाडीत ओढतो आणि काटा थोडा तरी उतरतो. तेवढ्यात सुरक्षित जागा शोधा.

लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर पुढच्या ढाब्यापर्यंत नेण्याचा विचार सोडा. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. 'अजून दोन किलोमीटर' या हिशोबात हेड वाकतं. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते वाकतं, मधलं गॅस्केट जळतं, आणि मग हेड काढून लेथवर फेसिंग, नवं गॅस्केट, नवे बोल्ट असा कित्येक हजारांचा खर्च उभा राहतो. इंजिन पूर्ण जाम झालं तर जुन्या गाडीच्या बाबतीत गाडीच्या किमतीशी बरोबरी करणारं बिल येऊ शकतं. ज्याचं घर टॅक्सीवर किंवा टेम्पोवर चालतं त्याच्यासाठी तर हे पंधरा दिवसांच्या कमाईचं मरण आहे.

इंजिन बंद केल्यावर चावी परत 'ऑन'वर नेऊन बघा, इंजिन सुरू न करता. पुष्कळ गाड्यांत पंखा फिरत राहतो आणि रेडिएटर थंड करतो. वाफ येत असेल तोवर बोनेट उघडू नका. वाफ थांबली की उघडा, हवा लागू द्या.

आता ते झाकण. गरम इंजिनात पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो, पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखं उडतं आणि चेहरा, मान, हात भाजतात. कपडा लावून फिरवलं तरी वाचत नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाइप कपड्याने धरून दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला आणि हात ठेवता येईल इतका थंड झाला, तरच जाड कपडा ठेवून झाकण पाव फेरी फिरवा, दाब सुटू द्या, मग पूर्ण काढा. मुलांना या वेळी लांब ठेवा.

कुणाला भाजलंच, तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तेल नाही. फोड फोडू नका. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर सरळ हॉस्पिटल.

पाणी टाकायचं तेही थंड झाल्यावर आणि सावकाश. लालबुंद इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी प्यायचं साधं पाणी चालतं, फक्त गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी. नंतर ते काढून योग्य मिश्रण भरायचं.

एक धोका फार जणांना ठाऊक नसतो. पाणी पूर्ण संपलं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही, आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं, चला, उतरला. आत इंजिन भाजत असतं. हीटर लावल्यावर गार हवा आली, गाडीची ओढ कमी झाली, खडखड ऐकू आली किंवा गोडसर-जळका वास आला, तर काटा काहीही म्हणो, थांबा. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड आणि लाल म्हणजे धोका. मधलं काही कळत नाही, म्हणून अशा गाडीत लाल दिवा दिसला की लगेच थांबणं आणखी गरजेचं.

केव्हा तापते, त्यावरून निदान

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, टोलच्या रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते: पहिला संशय पंख्यावर. घरी तपासणं सोपं आहे. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पुढचा पंखा थोड्या वेळात फिरायला हवा. फिरला नाही तर बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये पंख्याचा फ्यूज बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फ्यूज ठीक असेल तर रिले. हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. पंखा फिरू लागला तर दुखणं दीड-दोनशे रुपयांचं. फ्यूज आणि रिले दोन्ही ठीक, तरी पंखा गप्प, तर मोटर किंवा वायरिंग. गावी महिनाभर उभी असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, हे कोकणातल्या लोकांना नव्याने सांगायला नको. वायर बघताना चावी काढून ठेवा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोटं, ओढणी, कुर्त्याची सैल बाही त्यापासून लांब.

बोलेरो, सुमो, क्वालिससारख्या गाड्यांत पंखा इंजिनावरच बसवलेला असतो. थंड, बंद इंजिनाचा पंखा हाताने फिरवून बघा. अजिबात अडथळा न होता गरगर फिरत राहिला तर त्याचा क्लच गेला असं समजा.

चढावर किंवा हायवेला जोरात चालवताना तापते, उभी असताना ठीक: इथे वारा पुरेसा आहे, मग पाणी कमी पडतंय किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. पाण्याची पातळी आधी. मग रेडिएटरच्या जाळीत माती, किडे, पालापाचोळा. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे असतो. या दोघांच्या मधल्या फटीत सगळा कचरा साठतो आणि समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. गाडी थंड असताना साध्या पाइपने, हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर असं धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पात्या वाकतात आणि वारा आणखी अडतो.

बाहेरून स्वच्छ असूनही तापत असेल तर रेडिएटर आतून चोक झालेला असू शकतो. वर्षानुवर्षं बोअरवेलचं जड पाणी टाकलेल्या गाड्यांत हे हमखास. क्षार आणि गंज बारीक नळ्यांत साचतात. इंजिन गरम करून बंद करा, चावी काढा आणि रेडिएटरच्या पृष्ठभागाचं तापमान ठिकठिकाणी बघा. लेझर थर्मामीटर असेल तर उत्तम. मधेच गार पट्टे सापडले की तिथून पाणी जात नाही. पूर्वी पितळी रेडिएटर उघडून रॉड मारून साफ व्हायचे आणि वाहणारी जागा डाग देऊन बंद व्हायची. आता गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लास्टिकच्या. त्यावर डागडुजी फार दिवस टिकत नाही, बदलणंच परवडतं.

सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. काटा वर, वरचा पाइप कडक गरम आणि खालचा पाइप गार, अशी खूण दिसली तर एक तर झडप उघडत नाही किंवा पाणी फिरत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला असतो, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर पार्ट काढायला जाऊ नका. थर्मोस्टॅट काढून तपासायचा तर जुनं पातेलं घ्या (ते परत स्वयंपाकात न्यायचं नाही), पाणी गॅसवर ठेवा, झडप दोऱ्याने पाण्यात लोंबती सोडा. तिच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या तापमानाच्या पुढे गेल्यावर झडप उघडताना डोळ्यांनी दिसायला हवी. उकळी फुटली तरी बंद राहिली, तर निकामी.

गावाकडचे काही मेस्त्री अशा वेळी 'थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्याकडे थंडी कुठे आहे' असं सांगतात. हा सल्ला आम्हाला पटत नाही. झडप नसली की इंजिन कायम कमी तापमानावर चालतं, ॲव्हरेज घसरतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते. रस्त्यात अडकला असाल आणि घर गाठायचं असेल तर एक वेळ चालेल, पण दुसऱ्या दिवशी नवी झडप बसवा.

कशीही चालवा, पाणी कमी होतंच, दर चार दिवसांनी बाटली भरावी लागते: गळती. बाहेरची किंवा आतली. हा प्रकार थोडा सविस्तर बघू, कारण सगळ्यात जास्त इंजिनं 'पाणी टाकत राहू' या सवयीने गेली आहेत. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यात सकाळी रेडिएटरमध्ये पाणी टाकूनच गाडी काढायची असा रिवाज होता. आपल्या घरातल्या अब्बा-चाचांच्या पिढीला तो अंगवळणी पडलाय. आजची गाडी बंद पद्धतीची आहे. तिच्यात पाणी वारंवार कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय.

गळती कशी शोधायची

रात्रभर गाडी उभी करून खाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, एसी चालवल्यानंतर पडलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी हे एसीचं असतं, ते सोडून द्या. हिरवा, गुलाबी, निळा, चिकटसर डाग असेल तर कूलंट. चव घेऊन बघायचा प्रकार काही लोक करतात. अजिबात नको, ते विष आहे.

मग गाडी थंड असताना बोनेट उघडा आणि रेडिएटरचं झाकणही काढा. फक्त रिझर्व्ह बाटली बघून समाधान मानू नका. बाटली 'मॅक्स'पर्यंत भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. थंड होताना रेडिएटर बाटलीतून पाणी परत ओढून घेतो. झाकणाचा रबर खराब असेल किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली असेल तर तो पाण्याऐवजी हवा ओढतो. (काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, दाबाचं झाकण प्लास्टिकच्या टाकीवरच असतं. तिथे टाकीची पातळी हीच खरी पातळी.)

रबरी पाइप हाताने दाबा. फुगलेला, लिबलिबीत किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसणारा पाइप बदला. तो स्वतः बदलता येतो, स्क्रूड्रायव्हर आणि नवी क्लिप पुरते. पाइपच्या टोकांना, रेडिएटरच्या शिवणीला, वॉटर पंपाच्या खाली पांढरट किंवा रंगीत सुकलेला थर असेल तर गळती तिथेच. पंपाला खाली एक मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं. तिथून ओघळ दिसला म्हणजे आतलं सील गेलं, पंप बदलायला आला. पायाशी गालिचा ओला, आत गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं, तर हीटरचा गाभा फुटलाय.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पाणी संपतं, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. खुणा अशा: इंजिन गरम झाल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर, थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक, थंड गाडीचं झाकण उघडून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग. ऑइल टाकायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस पावसाळ्यात, रोज थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत येतो. तेवढ्याने घाबरू नका, पट्टीवरचं ऑइल बघा. पट्टीवरही दुधाळ असेल तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या. हे काम घरचं नाही. गॅरेजवाल्याकडे निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरमध्ये इंजिनाचा धूर शिरत असेल तर द्रावण पिवळं पडतं. हेड उघडण्याआधी ही चाचणी करून घ्या असा आग्रह धरा.

गळतीवर हळद टाकण्याचा, अंड्याचा पांढरा टाकण्याचा इलाज आपल्याकडे जुना आहे. बाजारात पावडरीही मिळतात. बारीक छिद्र त्याने काही काळ बंद होतं, हे खरं. पण हीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात चोक रेडिएटरचं दुखणं घेऊन तुम्ही परत येता.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं

इर्टिगा, वॅगनआर सीएनजीवर चालवणारे आपल्यात पुष्कळ. सीएनजी सिलिंडरमधून प्रचंड दाबाने येतो आणि रेग्युलेटरमध्ये दाब उतरताना अतिशय थंड होतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरवलेलं असतं. म्हणजे दोन जास्तीचे पाइप आणि चार जास्तीच्या क्लिपा. बाहेरून किट बसवलेली गाडी तापू लागली तर आधी हे सांधे बघा. किट बसवल्यानंतर किंवा रेग्युलेटरचं काम झाल्यानंतर लगेच तापायला लागली असेल तर पाण्यात हवा अडकली असण्याची शक्यता दाट. गॅसवर गाडी झटके मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते, शिवाय पाणीही कमी, अशी जोडी दिसली तरी रेग्युलेटरपर्यंत गरम पाणी पोचत नाही असा संशय घ्या.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

मिश्रण निम्मं-निम्मं: कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरी वॉटर म्हणून पेट्रोल पंपावर मिळतं. बॅटरीचं ॲसिड वेगळं, गल्लत करू नका. 'रेडी टू यूज' लिहिलेल्या डब्यात पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात आणखी पाणी नको. रंगावर जाऊ नका. हिरवा-हिरवा सारखाच असतो असं नाही, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या आणि वेगवेगळे प्रकार मिसळू नका. जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांनी, लाँग लाइफ लिहिलेलं साधारण पाच वर्षांनी बदलतात. छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर मावतं.

भरल्यावर हवा काढावीच लागते, नाहीतर नवं कूलंट भरूनही गाडी तापते आणि दोष भलत्याच पार्टला लागतो. गाडीचं तोंड थोडं चढाकडे करून उभी करा, हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा. थंड इंजिन, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी. इंजिन सुरू करून संथ चालू द्या. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, थोडं थोडं भरत राहा. वरचा पाइप गरम झाला, बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम हवा आली की झाकण लावा. पातळी उफाळून वर येऊ लागली तर वाट बघू नका, लगेच झाकण लावून इंजिन बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी परत बघायची.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतायचं नाही. त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतो आणि विषारी. मांजर चाटते, लहान मूल चाखतं. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून गॅरेजमध्ये द्या. कुणाच्या पोटात गेलं तर त्रास दिसायची वाट न बघता, उलटी करवायचा प्रयत्न न करता हॉस्पिटल गाठा आणि डबा सोबत न्या. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो, किडनीवरचा परिणाम नंतर कळतो.

स्कॅनर, आणि जुनी गाडी घेताना

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान अंशांत दाखवतो. ८५ ते १०५च्या मधे असेल तर निर्धास्त राहा. ११०च्या पुढे जाऊ लागलं तर थांबा. कोडही वाचता येतात: पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, पी०४८० म्हणजे पंख्याच्या सर्किटमध्ये दोष, पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणी काढून टाकलाय.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड गाडीचं झाकण उघडा. आत गंजाचं तांबूस पाणी किंवा नुसतं नळाचं पाणी दिसलं तर किमतीत ते धरा. ऑइलची पट्टी बघा. मग सुरू करून पंधरा-वीस मिनिटं एसी लावून उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा किती वेळा लागतो, काटा कुठे थांबतो ते बघा. मालक एवढा वेळ द्यायला नाराज असेल तर दुसरी गाडी बघा.

घाटाला निघण्याआधी

आदल्या दिवशी, गाडी थंड असताना रेडिएटर आणि बाटली दोन्ही बघा, पंखा एसी लावून तपासा, इंजिन ऑइल बघा. ऑइल कमी असलं तरी गाडी तापते. एखादं चाक हाताला जास्त गरम लागत असेल तर ब्रेक चिकटतोय, तोही इंजिनावर भार टाकतो. चढावर एसी बंद ठेवा आणि गाडी मोठ्या गिअरमध्ये कण्हत नेण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. इंजिन थोडं जास्त फिरलं की पंपही जास्त पाणी फिरवतो.

डिकीत दोन लिटर तयार कूलंट, पाच लिटर साधं पाणी, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, फ्यूजचा सेट, जाड कपडा, टॉर्च आणि लाल त्रिकोण ठेवा. गाडी बंद पडली तर त्रिकोण मागे बराच लांब लावा, चारी इंडिकेटर चालू करा आणि सगळ्यांना, विशेषतः म्हातारी माणसं आणि मुलं, गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर चोवीस तास चालतो, आणि कुणाला इजा झाली असेल तर ११२.